इंग्रजी शिव्या: कुठून आल्या आणि कुठे किती लागतात

नाशिकच्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगा मेलबर्नला नोकरीला लागला. पहिल्याच महिन्यात त्याने एक अडलेलं काम मार्गी लावलं, तेव्हा शेजारचा सहकारी सगळ्यांदेखत म्हणाला, ‘यू क्लेव्हर बास्टर्ड!’ मुलगा तिथे कसनुसं हसला, पण रात्री घरी फोन करून रडकुंडीला आला. आईला विचारायचंय की हे शब्द इंग्रजीत आले कुठून, तिकडची माणसं खरंच उठता-बसता असं बोलतात का, आणि मुलाने हे मनाला लावून घ्यावं का.

ताई, मनाला लावून घेऊ नये. ती शाबासकी होती. पण ती शाबासकी का होती हे नीट कळलं नाही, तर उद्या खरोखर अपमान झाला तेव्हा तो ओळखू येणार नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी इंग्रजी चित्रपट-मालिकांची मराठी सबटायटल्स लिहिते. या कामात कोर्टाची दृश्यं जमतात, प्रेमप्रसंग जमतात, शिवी आली की हात अडतो. शिवीचा कोशातला अर्थ एक असतो आणि ती ऐकणाऱ्याला किती लागते ते अगदी वेगळं असतं. पडद्यावर मला दोन ओळी मिळतात, दोन-तीन सेकंद मिळतात. पात्र ‘बास्टर्ड’ म्हणालं की आधी बघावं लागतं: कोण म्हणालं, कुणाला, कुठल्या देशात, कुठल्या काळात. त्यावर ‘हरामखोर’ लिहायचं, ‘लेकाचा’ लिहायचं की नुसतं ‘बेट्या’ म्हणून सोडून द्यायचं ते ठरतं.

‘बास्टर्ड’ इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून. 1066 साली इंग्लंड जिंकणारा नॉर्मंडीचा विल्यम लग्नाबाहेर जन्मला होता आणि ‘विल्यम द बास्टर्ड’ याच नावाने ओळखला जायचा. राजा होण्याच्या आड ते आलं नाही. शब्दाला धार चढली ती पुढे कायद्याने. इंग्लंडच्या कायद्यात अनौरस मूल कुणाचंच नसे. बाप मृत्युपत्र न करता गेला तर अशा मुलाला त्याच्या मालमत्तेत वाटा मिळत नसे, तो हक्क आला थेट 1969 च्या कायद्याने. ज्या समाजात या एका शब्दाने घर, नाव, वारसा सगळं जात होतं, तिथे तो वर्मी लागणारच. हळूहळू ती भीती ओसरली आणि शब्दही बोथट झाला.

ऑस्ट्रेलियात तर तो पुरुषांच्या गप्पांत ‘गडी’ या अर्थाने रुळून गेला. पुढचं विशेषण सगळं ठरवतं. ‘क्लेव्हर बास्टर्ड’ म्हणजे कौतुक, ‘पुअर बास्टर्ड’ म्हणजे कीव, ‘लकी बास्टर्ड’ म्हणजे थोडा हेवा. विशेषण गळालं, आवाज खाली आला आणि नजर रोखली गेली, की मात्र ते भांडण. 1932-33 च्या बॉडीलाइन मालिकेची एक आख्यायिका तिकडे अजून सांगतात. इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिन ऑस्ट्रेलियाच्या ड्रेसिंग रूमच्या दारात तक्रार घेऊन आला की आमच्या खेळाडूला तुमच्यापैकी कुणीतरी बास्टर्ड म्हणालं. उपकर्णधार व्हिक रिचर्डसन मागे वळून आपल्या खेळाडूंना विचारतो, ‘तुमच्यापैकी कुठला बास्टर्ड या बास्टर्डला बास्टर्ड म्हणाला?’ एकाच वाक्यात शब्द तीनदा आला आणि तिन्ही वेळा त्याचं वजन वेगळं.

आपल्या लोकांना याची झळ बसली ती 2008 च्या जानेवारीत. सिडनी कसोटीत ब्रॅड हॉगने अनिल कुंबळे आणि महेंद्रसिंग धोनी यांना हाच शब्द वापरला अशी तक्रार भारतीय संघाने केली. ‘हा काय तक्रार करण्याचा शब्द आहे?’ असं अनेक ऑस्ट्रेलियनांना वाटलं. आपल्याकडे मात्र तो थेट आईवर गेला. त्याच सामन्यात हरभजनसिंगने अँड्र्यू सायमंड्सला ‘मंकी’ म्हटल्याचा आरोप झाला. आता आपल्याकडची मंडळी म्हणू लागली की माकड ही काय शिवी आहे? आपण तर हनुमानाची पूजा करतो. पण सायमंड्स कॅरिबियन वंशाचा होता, आणि काळ्या माणसाला माकड म्हणण्यामागे गुलामगिरीचा आणि वंशद्वेषाचा मोठा इतिहास आहे. त्याच्या काही महिने आधी वडोदऱ्यात आणि आपल्या वानखेडेवर प्रेक्षकांनी त्याला माकडाचे आवाज आणि हावभाव करून चिडवलं होतं, हेही विसरता येत नाही. हरभजनवर आधी तीन कसोटींची बंदी आली. अपिलात न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांनी वंशद्वेषाचा आरोप सिद्ध होत नाही असं ठरवून शिवीगाळीबद्दल दंड ठेवला. हॉगविरुद्धची तक्रार कुंबळेने पर्थ कसोटीआधी मागे घेतली. त्या वादात दोन्हीकडची माणसं एकमेकांचे शब्द आपल्या घरच्या मापाने मोजत होती.

मालवणी मुलखातल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. तिथे आजी नातवाला ‘रांडेच्या, जेवलंस काय?’ असं मायेने विचारते. तोच शब्द पुण्यात अनोळखी माणसाला ऐकवला तर काय होईल ते सांगायला नको. ‘च्यायला’ तर मूळची आईवरची शिवी, पण आज पेन हरवलं तरी तोंडातून निघते आणि कुणी चमकून बघत नाही.

आता मूळ प्रश्न, हे शब्द आले कुठून. इंग्रज समाज ज्या काळात ज्या गोष्टीला भ्यायला, त्या काळातली सगळ्यात जड शिवी त्या गोष्टीतून आली. मध्ययुगात भीती देवाची होती. देवाच्या रक्ताची, हाडांची, जखमांची शपथ घेणं हे महापाप. ‘गॉड्स वूंड्स’ उघड म्हणता येत नाही म्हणून त्याचं ‘झाउंड्स’ झालं. 1606 साली कायदा झाला की नाटकात देवाचं नाव थट्टेने किंवा अनादराने घेतलं तर दहा पौंड दंड, जी तेव्हा फार मोठी रक्कम होती.

त्याच काळात शरीराबद्दलचे शब्द मात्र बऱ्यापैकी मोकळे फिरत होते. त्यांतला आज ब्रिटनमध्ये सगळ्यात जड मानला जाणारा शब्द म्हणजे ‘कंट’, स्त्रीच्या गुप्तांगाचं नाव. 1230 च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये एका गल्लीच्या नावातच तो होता: ग्रोपकंट लेन. तिथे कुठला व्यवसाय चालायचा ते नावच सांगतं. लंडनमध्येही याच नावाची गल्ली होती. ऑक्सफर्डची ती गल्ली आज मॅगपाय लेन म्हणून ओळखली जाते. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये भिंतीवर लघवी करणाऱ्याचा उल्लेख येतो, तिथे सरळ ‘पिस’ हे क्रियापद आहे. चर्चमध्ये ते मोठ्याने वाचलं जायचं.

‘फक’ हा शब्द जर्मानिक कुळातला. डच आणि जर्मनमध्ये त्याची भावंडं सापडतात आणि मागे-पुढे हलणं, मारणं अशा अर्थांशी त्यांचं नातं दिसतं. चेस्टरच्या न्यायालयाच्या 1310-11 च्या नोंदींत रॉजर नावाच्या एका आरोपीचं टोपणनाव ‘फकबायदनेवल’ असं दिलंय, नेवल म्हणजे बेंबी. पॉल बूथ या इतिहासकाराला ती नोंद सापडली आणि 2015 साली तिची बरीच चर्चा झाली. त्या बिचाऱ्याला हे नाव का पडलं असेल याचा अंदाज वाचकांनीच करावा. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की कारकुनाने ते सरकारी दप्तरात सरळ लिहिलं.

इथे एक गोष्ट ठासून सांगते, कारण व्हॉट्सॲपवर ती दर वर्षी नव्याने येते. ‘फक’ म्हणजे ‘राजाच्या संमतीने संभोग’ या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं, ‘शिट’ म्हणजे ‘जहाजात उंचावर ठेवा’ या सूचनेची आद्याक्षरं, हे सगळं बनावट आहे. ‘शिट’ तर जुन्या इंग्रजीपासून चालत आलेला शब्द. आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची पद्धत मुळात विसाव्या शतकात फोफावली. ‘ब्लडी’ हे ‘बाय अवर लेडी’चं रूप हेही गोड वाटतं, पण त्याला पुरावा नाही.

मग शरीर लाजिरवाणं झालं कधी? सतराव्या-अठराव्या शतकात देवाची भीती कमी होत गेली आणि मध्यमवर्गाची सभ्यता वाढली. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या शब्दकोशात यांतले सगळ्यात जड शब्द घेतले नाहीत. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशातही ‘फक’ आणि ‘कंट’ नव्हते, ते 1972 च्या पुरवणीत आले. शब्द छापणं बंद झालं की भली माणसंही फसतात. रॉबर्ट ब्राउनिंगने 1841 च्या ‘पिपा पासेस’ या काव्यात ‘ट्वॉट’ हा शब्द जोगिणींच्या शिरोवस्त्राचं नाव समजून वापरला. सतराव्या शतकातल्या एका गाण्यात त्याने तो वाचला होता आणि त्याचा खरा अर्थ त्याला ठाऊकच नव्हता. तोही शब्द स्त्रीच्या गुप्तांगाचाच.

हे झाकणं किती टोकाचं होतं ते 1914 मध्ये दिसलं. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकात लंडनच्या रंगमंचावर नायिका ‘नॉट ब्लडी लाइकली’ म्हणाली आणि वर्तमानपत्रांना कित्येक दिवसांचा मजकूर मिळाला. 1965 साली केनेथ टायनन हा नाट्यसमीक्षक बीबीसीच्या थेट कार्यक्रमात ‘फक’ म्हणाला, तर ब्रिटिश संसदेत त्याच्याविरुद्ध प्रस्ताव आले.

त्या दोन वर्षांच्या मधलं 1960 साल मला सगळ्यात जवळचं वाटतं, कारण त्याचं एक टोक मुंबईत आहे. ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ही डी. एच. लॉरेन्सची कादंबरी पूर्ण स्वरूपात छापली म्हणून पेंग्विनवर लंडनमध्ये खटला चालला. सरकारी वकिलाने ज्यूरीला शब्द मोजून दाखवले: ‘फक’ आणि त्याची रूपं किमान तीस वेळा, ‘कंट’ चौदा वेळा, ‘शिट’ आणि ‘आर्स’ सहा-सहा वेळा. 2 नोव्हेंबर 1960 ला ज्यूरीने पेंग्विनला निर्दोष ठरवलं. त्याच कादंबरीच्या प्रती विकल्याबद्दल मुंबईतल्या पुस्तकविक्रेत्यांवर खटला झाला, मुल्कराज आनंद यांनी बचावासाठी साक्ष दिली, पण 1964 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रणजित उदेशी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात शिक्षा कायम ठेवली. दंड होता वीस रुपये. लंडनमध्ये मोकळे झालेले शब्द चार वर्षांनी मुंबईत गुन्हा ठरले.

आज इंग्रजीत तिसरी पायरी चालू आहे आणि तुमच्या मुलाला खरी कळायला हवी ती हीच. देवावरून दिलेल्या शिव्या आता फुसक्या झाल्यात. शरीरावरच्या शिव्याही बऱ्याच सैल झाल्यात. समाजाला आता लाज वाटते ती माणसाला त्याच्या वंशावरून, धर्मावरून, अपंगत्वावरून, लैंगिकतेवरून हिणवण्याची. जो माणूस दिवसभर ‘फक’ म्हणत असतो तोच काळ्या लोकांबद्दलचा तो शब्द उच्चारत नाही, ‘एन-वर्ड’ एवढंच म्हणतो. ब्रिटनमध्ये ‘पाकी’ हा शब्द ऐकायला नुसतं लघुरूप वाटतं, पण दक्षिण आशियाई माणसांना मारहाण करताना तो वापरला गेलाय, आणि मारणाऱ्यांनी समोरचा कराचीचा आहे की कोल्हापूरचा हे विचारलेलं नाही. दक्षिण आफ्रिकेत ‘कुली’ तसाच. हे शब्द कुणी हसत म्हणालं तरी ते विनोद नसतात.

अपंगत्वावरच्या शिव्यांची गोष्ट मला अस्वस्थ करते. ‘इडियट’, ‘इम्बेसाइल’ आणि ‘मोरॉन’ या एके काळी डॉक्टरांच्या पाट्या होत्या. ‘मोरॉन’ हा शब्द तर हेन्री गॉडार्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1910 मध्ये घडवला, ज्यांचं मानसिक वय आठ ते बारा आहे अशा प्रौढांसाठी. शाळेच्या मैदानात पोचायला त्याला वेळ लागला नाही. मग सौम्य म्हणून ‘रिटार्डेड’ आणला, तोही शिवी झाला, आणि 2010 मध्ये अमेरिकेच्या संघीय कायद्यांतून तो काढून टाकायला वेगळा कायदा करावा लागला. ब्रिटनमधल्या स्पॅस्टिक्स सोसायटीने 1994 मध्ये नाव बदलून ‘स्कोप’ केलं, कारण मुलं एकमेकांना ‘स्पॅस्टिक’ म्हणून चिडवू लागली होती. मुंबईत 1972 ला सुरू झालेल्या स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियानेही पुढे ‘अडॅप्ट’ हे नाव घेतलं. आपल्या शाळांमध्ये ‘मतिमंद’ शब्दाचं काय झालं ते आपण बघतोच. भारतातून गेलेली हुशार मुलं मीटिंगमध्ये सहज ‘दॅट्स रिटार्डेड’ म्हणून जातात, ‘फक’ म्हणायला मात्र घाबरतात. तिकडे वजन नेमकं उलटं आहे.

असं का होतं? जी शिवी लहानपणी ऐकून मार खाल्ला, घरात धाक बसला, ती अंगात मुरते. पुढे शिकलेल्या भाषेतली शिवी डोक्यात राहते. बोस्टनमध्ये कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी तुर्की मातृभाषेच्या, नंतर इंग्रजी शिकलेल्या लोकांच्या त्वचेवर किती प्रतिक्रिया उमटते ते मोजलं. शिव्या आणि लहानपणची रागावण्याची वाक्यं तुर्कीत ऐकली की प्रतिक्रिया जास्त, इंग्रजीत कमी. लंडनच्या जाँ-मार्क दवाल यांनी 2016 मध्ये आणखी बारीक गोष्ट दाखवली. इंग्रजी नंतर शिकलेली माणसं बहुतेक साध्या शब्दांना गरजेपेक्षा जास्त जड समजतात आणि यादीतल्या सगळ्यात जड शब्दाला मात्र कमी. तुमच्या मुलाला ‘बास्टर्ड’ने झोप लागली नाही ते यात तंतोतंत बसतं. आपण मराठी माणसं ‘ब्लडी’ साहेबाच्या तोंडून ऐकलेली. ‘ब्लडी फूल’ म्हणजे आपल्याला अजून चाबूक वाटतो, तर 2006 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारी पर्यटन जाहिरातीचं घोषवाक्यच ‘सो व्हेअर द ब्लडी हेल आर यू?’ असं होतं. ब्रिटनमध्ये टीव्हीवर त्याला काही काळ अडवलं, म्हणजे एकाच राणीच्या दोन देशांतही वजन सारखं नव्हतं. आणि आपल्या वांद्र्याच्या, पारशी कॉलनीच्या इंग्रजीत ‘अरे बगर’ किती प्रेमाने म्हणतात! मूळ शब्द बल्गेरियातल्या पाखंडी पंथावरून आला, पुढे गुदमैथुनाचा आरोप झाला, आणि आज तो मुंबईत मित्राच्या खांद्यावर हात टाकून बोलला जातो.

आता रोजच्या वापराबद्दल. हो, ऑस्ट्रेलियन आणि ब्रिटिश ऑफिसांत असे शब्द सर्रास कानावर पडतात, अमेरिकन ऑफिसांत तुलनेने जपून. पण कान एका गोष्टीवर ठेवायचा: शब्द कुणाच्या दिशेने जातोय. संगणक बंद पडला आणि कुणी ‘फक!’ म्हणालं, तर तो कुणालाच नाही. ‘इट्स फकिंग ब्रिलियंट’ म्हणजे फक्त ‘लय भारी’. तोच शब्द ‘यू’ला जोडला, की शिवी. वेदनेवर ओरडून शिवी दिली तर खरंच बरं वाटतं, हे कील विद्यापीठाच्या रिचर्ड स्टीफन्स यांनी 2009 मध्ये दाखवलं. बर्फगार पाण्यात हात बुडवलेले विद्यार्थी शिवी म्हणताना जास्त वेळ टिकले, टेबलाचं वर्णन करणारा साधा शब्द म्हणताना कमी. पुढच्या प्रयोगात दिसलं की जे दिवसभर शिव्या देतात त्यांना हा फायदा कमी मिळतो.

देशागणिक काही सापळे आहेत. ‘पिस्ड’ म्हणजे ब्रिटनमध्ये दारू प्यालेला, अमेरिकेत चिडलेला. ‘फॅनी’ अमेरिकेत ढुंगण, ब्रिटनमध्ये स्त्रीचं गुप्तांग, त्यामुळे कमरेच्या पिशवीला अमेरिकन नाव घेऊन लंडनच्या दुकानात विचारू नये. ‘कंट’ स्कॉटलंडमध्ये आणि ऑस्ट्रेलियात पुरुष मित्र एकमेकांना म्हणतात, अमेरिकेत तो बाईला म्हटला तर नोकरी जाऊ शकते. ‘बिच’ला आज काही मैत्रिणी आपसात हसत वापरतात, पण फ्रान्सिस ग्रोसने 1785 च्या बोलभाषेच्या कोशात लिहून ठेवलंय की इंग्रज बाईला यापेक्षा अपमानकारक संबोधन नाही, आणि पुरुषाच्या तोंडून तो आजही तसाच लागतो. स्त्रिया मुळात ‘गप्प बस’ या अर्थाने हा शब्द कितीदा ऐकतात, ते मला दर महिन्याला नव्या मालिकांमध्ये दिसतं.

मुलाला एवढं सांगा. निदान वर्षभर त्याने स्वतः हे शब्द वापरू नयेत. परक्या भाषेत शिवी देताना शब्द बरोबर येतो, सूर चुकतो, आणि सूर चुकला की थट्टेची शिवी खरी होते. ‘क्लेव्हर बास्टर्ड’ला ‘चीअर्स, मेट’ एवढं उत्तर पुरतं. काही न कळल्यास त्याच माणसाला बाजूला घेऊन शांतपणे विचारावं, ‘व्हॉट डिड यू मीन बाय दॅट?’ थट्टा करणारा लगेच समजावून सांगतो, हिणवणारा गडबडतो. शब्द वंशावर, देशावर, रंगावर किंवा धर्मावर गेला, तर मात्र हसून सोडायचं नाही. त्याच दिवशी नेमके शब्द, वेळ आणि समोर कोण-कोण होतं ते लिहून ठेवायचं, साहेबाला किंवा एचआरला ईमेलनेच कळवायचं आणि त्याची एक प्रत स्वतःच्या खासगी ईमेलवर ठेवायची.